म्हाताऱ्या हस्कीचं पुढे काय होतं, ते आधी विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत तुम्ही बर्फातल्या सहलींवर पानभर मजकूर दिला होता, लॅपलँड, नॉर्वे, अलास्का, आणि मधोमध कुत्र्यांच्या स्लेजगाडीचा मोठा फोटो. लेख चांगला होता, फोटो तर फारच सुंदर. पण त्यात एक गोष्ट आली नाही आणि ती आल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय. सगळं छापता आलं नाही तर नाशिकमधल्या हस्कींचा (हस्की म्हणजे बर्फात गाडी ओढणारी दाट केसांची कुत्री) भाग तरी छापा, तो आपल्या घरातला प्रश्न आहे.

गोष्ट अशी की ही गाडी ओढणारी कुत्री म्हातारी होतात. आठ-दहा वर्षांची झाली की बहुतेकांना गाडीतून काढतात, आणि कुत्रं जगतं बारा-चौदा वर्षं, काही त्याहून जास्त. मधली चार-पाच वर्षं त्यांनी कुठे काढायची, कुणी खायला घालायचं, कुणी डॉक्टरकडे न्यायचं? ज्यांनी त्यांच्या जोरावर मजा केली, फोटो काढले, पैसे कमावले, त्यांच्यावरच ती जबाबदारी येते असं माझं स्पष्ट मत आहे.

मी हे बोलतोय कारण आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनेसोटामध्ये डुलुथला असतात, सुपिरियर सरोवराच्या काठावर, आणि त्यांच्या घरी अशी एक रिटायर झालेली कुत्री आहे. मी स्वतः पोस्टातून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे तिथे गेल्यावर पहिलं काय ऐकायला मिळालं असेल तर डाकेची गोष्ट. त्या भागात जॉन बेअरग्रीस नावाचा ओजिब्वे जमातीचा एक माणूस होऊन गेला, तो १८७९ पासून वीसेक वर्षं सरोवराच्या उत्तर किनाऱ्याने डाक न्यायचा, पाणी मोकळं असेल तेव्हा होडीतून आणि थंडीत कुत्र्यांच्या स्लेजवरून, त्याच्या नावाने आजही तिथे दर हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाड्यांची मोठी शर्यत होते. अलास्कात तर कुत्र्यांच्या गाडीने डाक नेणं १९६३ पर्यंत चालू होतं. आपल्याकडे घुंगराची काठी घेऊन पळणारे हरकारे होते त्यांची आठवण झाली मला. सांगायचं हे की तिकडे हा खेळ नंतर झाला, आधी ती रोजची गरज होती, आणि त्या कुत्र्यांवर माणसं जगलीत.

१९२५ चं नोमचं उदाहरण अनेकांना माहीत असेल. अलास्कातल्या नोम गावात ऐन जानेवारीत घटसर्पाची साथ आली, औषध रेल्वेने नेनानापर्यंत पोचलं, पुढे रस्ता नाही, विमान उडू शकत नाही. मग वीस जणांनी दीडशेच्या आसपास कुत्री जुंपून टप्प्याटप्प्याने ते औषध जवळजवळ १,०८५ किलोमीटर साडेपाच दिवसांत पोचवलं. (गाडी हाकणाऱ्याला तिकडे मशर म्हणतात.) शेवटचा टप्पा बाल्टो या कुत्र्याच्या गाडीने केला म्हणून त्याचं नाव झालं, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळाही उभा राहिला. आणि पुतळा उभा राहिल्यावर दोन वर्षांच्या आत तोच बाल्टो लॉस एंजेलिसमध्ये एका तमाशावजा प्रदर्शनात पैसे घेऊन दाखवला जात होता, हालात होता. १९२७ मध्ये क्लीव्हलँडच्या लोकांनी, त्यात शाळकरी पोरांनीसुद्धा, वर्गणी काढली, दोन हजार डॉलर जमवून त्याला आणि त्याच्या सोबतच्या कुत्र्यांना सोडवलं आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात नेलं, १९३३ पर्यंत तो तिथे सुखाने राहिला. दुसरा तो टोगो, ज्याने सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात धोक्याचा टप्पा केला, तो त्या वेळीच बारा वर्षांचा होता, म्हणजे खरं तर निवृत्तीच्या वयाचा. त्याचे शेवटचे दिवस मेन राज्यात चांगल्या घरात गेले, सोळाव्या वर्षी गेला. एवढी नावाजलेली कुत्री, तरी त्यांचं म्हातारपण कुणी तरी पदर खोचून पुढे आलं म्हणूनच नीट गेलं ना. मग बिननावाच्या कुत्र्यांचं काय.

त्याचं उत्तरही आहे आणि ते फार वाईट आहे. कॅनडातल्या व्हिस्लरला २०१० चं हिवाळी ऑलिंपिक झालं, पर्यटक आले, स्लेजच्या फेऱ्या भरभरून चालल्या, आणि ऑलिंपिक संपून गिऱ्हाईक कमी झाल्यावर एका स्लेज व्यवसायातली पन्नासहून जास्त कुत्री मारून पुरून टाकली. पुढच्या वर्षी ही बातमी बाहेर आली, मोठा गदारोळ झाला आणि मग ब्रिटिश कोलंबियाने कायदा कडक केला, स्लेज कुत्र्यांसाठी वेगळी नियमावली आणली. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जाईना. धंदा चालला तोवर कुत्री, नाही चालला तर खड्डा.

आता मेपलबद्दल सांगतो, मुलीच्या घरची. तिकडच्या केनलवाल्यांची, म्हणजे ही कुत्री पाळून वाढवणाऱ्यांची, पद्धत आहे, एका वेताच्या पिल्लांना एकाच प्रकारची नावं द्यायची, कुठे मसाल्यांची, कुठे नद्यांची, हिच्या वेतात सगळी झाडं. मेपल दिसायला आपल्याला माहिती असलेल्या हस्कीसारखी अजिबात नाही. निळे डोळे नाहीत, झुबकेदार केस नाहीत, पाय लांब, कंबर बारीक, वजन वीस किलोच्या आसपास, लोकांना वाटतं कुठलं तरी रस्त्यावरचं आणलंय. ती अलास्कन हस्की. ही कुठल्या क्लबात नोंदवलेली शुद्ध जात वगैरे नसते, पळणं, भूक, पंजे आणि ओढायची हौस एवढं बघून पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली कामाची कुत्री आहेत ही, आणि मोठ्या शर्यतींत बहुतेक हीच असतात.

तर ही मेपल घरात आली तेव्हा तिला घर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आयुष्यभर उघड्यावर, आपल्या छोट्या लाकडी खोपट्यात पेंढ्यावर झोपलेली, आजूबाजूला तीस-चाळीस कुत्री. जिना चढेना, चकचकीत लाकडी फरशीवर पाय फाकून उभी राहायची, काचेच्या दाराला जाऊन धडकायची, टीव्ही लावला की कोपऱ्यात. शी-शू बाहेर करायची हे दहाव्या वर्षी शिकवावं लागलं, आणि शिकली, दर दोन तासांनी बाहेर नेऊन, रागावून नाही. ताटातलं उचलायची कारण शर्यतीच्या दिवसांत ज्या कुत्र्याला रोज दहा हजार कॅलरीपर्यंत खायला लागतं त्याची भूक एकदम कशी जाणार, पण आता तेवढं दिलं तर लठ्ठ होऊन गुडघे जातील म्हणून मोजून द्यावं लागतं. सगळ्यात अवघड होतं ते एकटं राहणं. मुलगी-जावई कामाला गेले की हिचं तोंड वर करून रडणं सुरू, शेजाऱ्यांनी बिचाऱ्यांनी समजून घेतलं. मग जावयाने आठवडाभर घरून काम केलं, आधी पाच मिनिटं बाहेर, मग दहा मिनिटं, असं करत करत सवय लावली. आणि पट्ट्याशिवाय मोकळं मैदानात सोडायचं नाही हे तर केनलवाल्यांनी आधीच बजावलं होतं, ससा किंवा खार दिसली की ही कुत्री मैलोनमैल जातात आणि हाक मारून परत येत नाहीत. कुणाच्या घरी मांजर असेल तर आधी विचारूनच घ्यावं.

एवढं सगळं करायचं कशाला, असं आमच्या हिनेही विचारलं होतं सुरुवातीला. आता तीच व्हिडिओ कॉलवर आधी मेपलला बघते आणि मग नातवाला. महिना-दोन महिन्यांत ती कुत्री अशी काही घरची झाली की सोफ्यावर उताणी पडून झोपते. माणसांवर विश्वास हिचा आधीपासूनच होता, कारण चांगल्या केनलमधल्या कुत्र्यांना जन्मापासून माणसाचा हात असतो, रोज कोणी तरी पाय तपासतं, पंजात बूट घालतं, मालिश करतं. फक्त घराची ओळख नव्हती.

आणि म्हणून छंद म्हणून स्लेजिंग करणाऱ्यांबद्दलही दोन शब्द, कारण पुरवणीत फक्त पर्यटकांच्या फेऱ्या होत्या. छंदाला मोठी टीम लागत नाही. दोन कुत्री आणि एक किकस्लेड, म्हणजे खुर्चीसारखी हलकी स्लेज जिला माणूस पायाने ढकलत पण असतो, एवढ्यात काम भागतं. एकच कुत्रं असेल तर पायात स्की घालून त्याच्यामागे जायचं. आमच्या जावयाने सुरुवात केली ती गाडी हाकून नाहीच, सुट्टीच्या दिवशी केनलवर जाऊन विष्ठा उचलायची, पेंढा बदलायचा, गरम पाण्यात मटणाचे तुकडे घालून पाजायचं (कडाक्याच्या थंडीत नुसतं पाणी कुत्री पुरेसं पीत नाहीत). एक अख्खा हिवाळा हे केल्यावर त्याला रनरवर, म्हणजे स्लेजच्या खालच्या लांब पट्ट्यांवर, गाडी हाकायला उभं केलं. मला ही पद्धत फार आवडली, जनावराची घाण उचलायची तयारी नसेल त्याला त्याच्या जोरावर पळायचा अधिकार नाही.

मी पुढे बास्केटमध्ये, म्हणजे स्लेजवरच्या बसायच्या जागेत, बसून गेलोय आणि कुत्र्यांना हार्नेस (गाडी ओढायचा अंगावरचा पट्टा) घालायचं काम तिथे आता माझं असतं. निघायच्या आधी जो कल्ला असतो तो सांगता येणार नाही, सगळी कुत्री उड्या मारतायत, किंचाळतायत, दोरी चावतायत, चल चल म्हणून, आणि स्नो-हुक म्हणजे तो बर्फात रुतवलेला लोखंडी आकडा उपटला रे उपटला की सगळं एका क्षणात शांत, फक्त पावलांचा आणि धापांचा आवाज. लगाम नाही, चाबूक नाही. जी म्हटलं की उजवीकडे, हॉ म्हटलं की डावीकडे, आणि ते ऐकून वळवायचं काम सगळ्यात पुढच्या लीडर कुत्र्यांचं, हुशार ती पुढे, दणकट ती मागे स्लेजला लागून. मशरच्या हातात खरं तर फक्त ब्रेक. पहिला नियम एकच, काहीही झालं, पडलात, फरफटत गेलात तरी स्लेज सोडायची नाही, कारण कुत्री थांबणार नाहीत आणि पुढे रस्ता आला तर जीव जाईल त्यांचा. दुसरा नियम, परत आल्यावर आधी त्यांचं खाणं-पाणी-पंजे, मग आपला चहा. आणि चढ आला की उतरून ढकलायचं, नुसतं बसून राहायचं नाही.

हे डोळ्यांनी बघितल्यावर गाडी ओढायला लावणं म्हणजेच क्रूरता असं मला म्हणता येत नाही, पळणं हा त्या जनावराचा आनंद आहे. पण तिथेही वाद आहेत आणि ते खोटे नाहीत. अलास्कातल्या इडिटरॉडसारख्या दीड हजार किलोमीटरच्या शर्यतीत कुत्री दगावलीत, काही ठिकाणी कुत्री दिवसाचे दिवस साखळीला बांधलेली असतात, आणि पर्यटनाच्या हव्यासाने गरजेपेक्षा जास्त पिल्लं काढणारेही आहेत. म्हणून आपली मराठी मंडळी जी आता दर डिसेंबरला ग्रुप टूरने नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला आणि फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला जातायत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पैसे भरायच्या आधी ईमेल करून विचारा की तुमची म्हातारी कुत्री कुठे असतात, वर्षाला किती पिल्लं काढता, उन्हाळ्यात त्यांना कोण फिरवतं, साखळीतून रोज किती वेळ मोकळी असतात. जो प्रामाणिक आहे तो तुम्हाला म्हाताऱ्यांचं अंगण स्वतः नेऊन दाखवेल, नावानिशी. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका, बाजूला दुसरा असतो.

आता नाशिक. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गंगापूर रोडला, कॉलेज रोडला संध्याकाळी हस्की घेऊन फिरणारी तरुण मुलं मला दिसतात आणि खरं सांगतो पोटात कालवतं. कुत्र्यावर प्रेम नाही असं मी म्हणत नाही, प्रेम असतंच. पण त्या जनावराच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा दाट आणि वरचा राठ, उणे तीस अंशात बर्फात गोल होऊन झोपायला दिलेले, आणि कुत्र्याला घाम म्हणाल तर पंजांना थोडा, बाकी सगळी उष्णता जिभेवाटे. मशर लोक तापमान दहा-पंधरा अंशांच्या वर गेलं की गाडीचा सरावच बंद ठेवतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. मग ते कुत्रं दिवसभर एसीच्या खोलीत, रात्री दहाला खाली दहा मिनिटं, आणि केस कापून आणलं म्हणजे गार वाटेल असा समज, ज्याने उलट ऊन सरळ कातडीला लागतं. पळायला तयार केलेलं जनावर टू-बीएचकेमध्ये सोफा फाडतं, रडतं, मग वैतागून कुणी तरी शेतावर नेऊन बांधतं, कुणी सोडून देतं. निफाडला थंडी पडते म्हणून हस्की चालेल असं मला एकाने गंभीरपणे सांगितलं. दोन महिन्यांच्या पहाटे म्हणजे वर्ष नव्हे हो.

पिल्लू विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. घेणाऱ्यांनी निदान तेवढा कागद तरी मागावा. माझं मत विचाराल तर नाशिकमध्ये हस्की घेऊच नये. जे आधीच घरात आहेत त्यांना मात्र जिवापाड सांभाळा, ती त्यांची चूक नाही.

मग हौस असलेल्या पोरांनी करायचं काय? एक तर पळा, पण आपल्या कुत्र्याबरोबर. तिकडे बर्फ नसतो तेव्हा मशर लोक कॅनिक्रॉस करतात, म्हणजे माणसाच्या कमरेला पट्टा, मधे ताणली जाणारी दोरी, कुत्र्याला छातीवरून जाणारा हार्नेस (गळ्यातला पट्टा अजिबात नाही, श्वास कोंडतो), आणि कुत्रं पुढे, माणूस मागे. आपलं गावठी कुत्रं याला एक नंबर आहे, अंग सडपातळ, केस आखूड, या हवेत वाढलेलं. नोव्हेंबर ते जानेवारी, उजाडता उजाडता, गंगापूर धरणाच्या बाजूचे मातीचे रस्ते किंवा मखमलाबादकडच्या शेतवाटा, डांबर नको. कुत्रं दीड वर्षाचं झाल्याशिवाय ओढायला लावायचं नाही, खाल्ल्या खाल्ल्या पळवायचं नाही, जिभेचा रंग बदलला किंवा मागे पडायला लागलं की थांबायचं, पाणी बरोबर ठेवायचं. आपल्याकडे गोचिडांचा ताप फार, त्यामुळे धाप लागते म्हणून नुसतं वय झालं असं समजू नका, रक्त तपासून घ्या.

आणि दुसरं, म्हाताऱ्या कामाच्या कुत्र्यांना घर द्या. आपल्याकडे स्लेज नाही पण कामाची कुत्री आहेतच. २६/११ ला मुंबईत बॉम्बशोधक पथकात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर रिटायर झाल्यावर विरारच्या एका फार्मवर राहिले, त्यांच्यात शेवटी राहिलेला सीझर २०१६ मध्ये गेला. कुणी तरी जागा दिली म्हणून त्यांना तो निवांतपणा मिळाला. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी खाऊ घालतो, आणि थकलेल्या बैलाचं काय करायचं हा प्रश्न आला की मान खाली घालतो, तसं या कुत्र्यांच्या बाबतीत होऊ नये. म्हातारं कुत्रं सांभाळायला पिल्लापेक्षा सोपं असतं हे लोकांना माहीतच नाही, ते चावत सुटत नाही, त्याला दिवसाचा बराचसा वेळ झोप हवी असते, सकाळ-संध्याकाळ सावकाश चक्कर, सांध्यांसाठी औषध, फरशीवर घसरू नये म्हणून एक जुनी सतरंजी. आमच्यासारख्या रिटायर माणसांना तर याहून चांगली सोबत नाही. खर्च आहे, औषधपाण्याचा आहे, तो आधी मोजून घ्यावा आणि झेपत असेल तरच आणावं.

संपादक साहेब, तुमच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर दर आठवड्याला हस्की पिल्लं विकण्याच्या जाहिराती असतात. त्याच पानावर एक चौकट फुकट द्याल का, वय झालेल्या, घर हवं असलेल्या कुत्र्यांसाठी, फोटो, वय, तब्येत आणि स्वभाव एवढंच? पथकातली कुत्री कधी निवृत्त होतात आणि कशी मिळतात हे तुमच्या वार्ताहराने पोलिसांना विचारून एकदा छापलं तर फार उपयोग होईल, मी फोन करून विचारण्यापेक्षा पेपरने विचारलेलं बरं. चौकटीचा मजकूर गोळा करून दर बुधवारी तुमच्या ऑफिसात आणून द्यायचं काम मी करतो, पत्ते शोधत फिरायची सवय आहे मला.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी
इंदिरानगर, नाशिक